झाकणाखाली राहिलेले वाक्य

मित्रांनो, लॅपटॉपच्या पोटात, पंख्याच्या शेजारी, नखाएवढी एक काळी चकती असते. तीच मी, एक जुनी साउंड चिप. लॅपटॉपमधून येणारा प्रत्येक आवाज माझ्या हातून जातो. स्वतःचा आवाज मात्र मला नाही. त्यामुळे ही हकीकत मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे.

माझा जन्म एका स्वच्छ, थंड कारखान्यात झाला. तिथून मी एका निवृत्त ग्रंथपालांच्या घरी आले. त्यांनी लॅपटॉपला पुस्तकासारखे खाकी कव्हर घातले. त्यांची बायको हसून म्हणाली, "आता शिक्काही मारा, म्हणजे कुणी पळवणार नाही."

माझ्यात एक उणीव आहे. झाकण लावले की लॅपटॉप झोपतो, माझी वीज तुटते आणि वाजवलेले सारे मी विसरते. आवाजाचा साठा मेमरीत असतो आणि ती झोपेतही जागी राहते. पण त्यातले मी कुठवर वाचले, याची खूण दुसऱ्याने ठेवावी लागते. ते काम ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामचे. माझा ड्रायव्हर खूण ठेवायलाच विसरत असे. मग उठल्यावर मी साठा पहिल्यापासून वाचू लागे, ड्रायव्हर गोंधळून मला थांबवी आणि तेवढ्यात एखादा तुटका शब्द बाहेर पडे. घरचे म्हणत, जुने यंत्र आहे, खोकते.

पुढे या बाई आजारी पडल्या. दवाखान्यातून त्या रोज लॅपटॉपवर बोलत. आपला चेहरा दिसू नये म्हणून कॅमेरा बंद ठेवत, मग ग्रंथपालही आपला बंद ठेवत. एका दुपारी त्यांचा आवाज फार बारीक येत होता. ग्रंथपालांना रडू आवरेना. "अहो, ऐकताय ना?" बाईंनी विचारले. आपले रडणे तिकडे ऐकू जाईल, या भीतीने ग्रंथपालांनी झटकन झाकण लावले. ते दवाखान्यात पोचण्याआधीच बाई गेल्या.

काही दिवसांनी त्यांनी झाकण उघडले आणि माझ्यातून बाईंचा आवाज आला, "अहो, ऐकताय ना?"

त्यानंतर हे रोजचेच झाले. ते झाकण उघडत, "ऐकतोय गं" म्हणत आणि पुन्हा लावत. दुसरा एकही आवाज त्यांनी माझ्यातून काढला नाही, की लॅपटॉप कधी पूर्ण बंद केला नाही. मला यातले काहीच आठवत नसे. गेलेल्या बाईंचा प्रश्न मी दर वेळी नव्यानेच विचारत होते. हे सारे मला पुढे बापलेकीच्या बोलण्यातून कळले.

त्यांची मुलगी ड्रायव्हर लिहिण्याचेच काम करते. सुट्टीला आली असताना तिने सहज झाकण उघडले आणि आईचा आवाज ऐकताच ती तशीच बाबांकडे धावली.

"बाबा, हे काय?"

"तुझी आई."

"बाबा, ही ड्रायव्हरमधली चूक आहे."

"असू दे. तिनं काय माझ्या कमी चुका चालवून घेतल्या?"

मुलीने लॅपटॉप उलटा केला. "बॅटरी फुगलीय. पेटली तर घर जाईल. हा बंद करावाच लागेल, आणि बंद केला की झाकण उघडल्यावर हा आवाज येणार नाही."

"म्हणजे तिला दुसऱ्यांदा मीच गप्प करायचं?"

मुलीने लॅपटॉप सुलटा केला. ती बराच वेळ साठा तपासत बसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, पुढे अजून आहे. नेट अडखळलं तरी चालावं म्हणून आवाज आधी साठवून जरा उशिरा वाजवतात, तसं आईचं पुढचं बोलणं येऊन पडलं होतं. तुम्ही झाकण लावलंत, ते वाजलंच नाही."

ग्रंथपालांच्या तोंडचे पाणी पळाले. "काय म्हणाली असेल? मी तिला टाकून उठलो, असंच ना?"

"मी ऐकलं नाही. तुम्ही म्हणाल तर ऐकू. नाहीतर तसाच बंद करते."

ते खाकी कव्हरची दुमडलेली कड नखाने सरळ करत राहिले. शेवटी म्हणाले, "लाव. पण याच्यातूनच लाव."

मुलीने साठ्याची नक्कल काढली, ड्रायव्हर दुरुस्त केला, साठा परत जागेवर ठेवला आणि मला खूण दिली. जिथे तुटले होते तिथूनच मी वाचू लागले. आधी एक श्वास आला. मग कुठल्याशा ढकलगाडीचे चाक कुरकुरले. मग बाई शेजारच्या कुणाला तरी हसून म्हणाल्या, "झोपले वाटतं. झोपू दे बाई, रात्रभर जागेच असतात."

साठा तिथेच संपला.

"झोपलो नव्हतो गं," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी स्वतःच लॅपटॉप बंद करायचे बटण दाबून धरले.

आता माझ्या पोटात नवी बॅटरी आहे आणि मी गुपचूप जागी होते. ते शब्द माझ्याकडे उरलेले नाहीत. तरी झाकण उघडल्यावर ग्रंथपाल क्षणभर थांबतात, तेव्हा मीही थांबते. कशासाठी, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, कुणाचेही बोलणे अर्ध्यावर तोडून झाकण लावू नका. त्याच्या हातातले काम पुरे होऊ द्या, निदान खूण तरी ठेवा. उरलेले वाक्य कुठेतरी तसेच पडून राहते, आणि ते शोधून देणारी मुलगी प्रत्येकाच्या घरी नसते.