हलका चाप

अर्विन कोझाकला ते पिस्तूल मीच विकलं. त्यामुळे पुढं जे घडलं त्यात आपलाही थोडा हात आहे, असं मला अजून वाटतं.

शेजारच्या गावच्या पोलिसांनी त्या वर्षी नवी पिस्तुलं घेतली आणि जुनी बदल्यात देऊन टाकली. त्यातली चाळीसेक फिरत फिरत माझ्या बंदुकांच्या दुकानात आली. पोलिसांचं जुनं पिस्तूल वरून बघवत नाही. पंधरा-वीस वर्षं कमरेच्या चामड्यात घासून कडांचा काळा रंग गेलेला असतो, गाडीच्या दाराला आपटून मुठीवर खाचा पडलेल्या असतात. आतून मात्र बहुतेक कोरं. वर्षातून दोनदा सरावाला चालवायचं, बाकी दिवस नुसतं वागवायचं.

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचा आठवडा होता. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. अर्विन सकाळी दहाला आला आणि काउंटरच्या एका टोकाला उभा राहून त्यानं चाळीसच्या चाळीस पिस्तुलं एकेक करून पाहिली. उघडायचं, आत बॅटरीचा उजेड टाकायचा, चाप दोनदा ओढून बघायचा, कान देऊन ऐकायचं, खाली ठेवायचं. पत्रा दाबून घडवणाऱ्या कारखान्यात त्यानं अडतीस वर्षं डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवले होते. केसाएवढा फरक त्याच्या अंगठ्याला कळायचा. त्याची बायको डोलोरेस जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

शेवटी त्यानं निवडलं ते सगळ्यात झिजलेलं. मी म्हटलं, त्याच किमतीत चांगलं दिसणारं घे. तो म्हणाला, दिसण्याचं काय, याची जुळणी कुणीतरी मन लावून केलीय, बाकीची घाईत ठोकलीत. फॉर्म भरला, फोनवर सरकारी चौकशी झाली, होकार आला, आणि दुपारी दोनला तो पिस्तूल घेऊन गेला. जाताना सहज म्हणाला, चाप जरा जड आहे, बघतो काय करता येतं ते.

त्यानंतर तो दर गुरुवारी यायला लागला. आधी स्प्रिंगा घेऊन गेला. मग पोलिश करायचे बारीक दगड. मग काही घेईना, नुसतं दाखवायला यायचा. आतल्या दोन खिळी त्यानं लेथवर नव्या केल्या होत्या, कारण जुन्या किंचित डुगडुगत होत्या. चेरीच्या लाकडाची नवी मूठ कोरली होती, त्याच्याच हाताच्या मापाची. माझ्या हातात ती बसतच नव्हती. ख्रिसमसच्या सुमाराला त्यानं मला चाप ओढून बघायला सांगितलं. मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे. इतके मऊ, इतके स्वच्छ चाप मी फार थोडे बघितलेत. मी म्हटलं, झालं की रे, आता याला हात लावू नकोस.

तो नुसता हसला. पुढच्या गुरुवारी चाप आणखी हलका होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी.

जानेवारीत दुकानात फोन आला. अर्विनची मुलगी रेनी, दूरच्या टूसॉन शहरातून. लहानपणी तिला वडिलांबरोबर दुकानात येताना पाहिलेलं, नंतर कधी बोलणं नव्हतं. नमस्कार-चमत्कार न करता तिनं विचारलं, "माझ्या वडिलांना पिस्तूल तुम्ही विकलंत?"

मी हो म्हटलं.

"ते दर रविवारी फोनवर मला दुसरं काही सांगतच नाहीत. स्प्रिंग आणि चाप, स्प्रिंग आणि चाप. चेट अंकल, आई गेल्यावर एकटा माणूस घरात पिस्तूल आणतो, आणि रोज संध्याकाळी ते समोर घेऊन बसतो. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय समजला असतात?"

तिनं वडिलांना सरळ विचारलं होतं. ते रागावले होते आणि फोन ठेवून दिला होता. आता ती माझ्याकडून एवढंच मागत होती, की समोर बसून, डोळ्यांत बघून एकदा विचारा.

आमच्याकडे पुरुष एकमेकांना असलं विचारत नाहीत. गाडी कशी चाललीय, गुडघा कसाय, इथपर्यंत ठीक. त्या गुरुवारी अर्विन आल्यावर मी दोनदा कॉफी ओतली, दारावरची पाटी उलटी करून दुकान बंद केलं, तरी तोंड उघडेना. शेवटी मी म्हटलं की रेनीचा फोन आला होता, आणि तिला जी भीती वाटते ती मलाही वाटायला लागलीय, तेव्हा खरं काय ते सांग.

त्यानं कप काउंटरवर ठेवला. चिडला नाही.

"मला मरायचं नाहीये, चेट," तो म्हणाला. "संध्याकाळी साडेपाच ते नऊ काय करायचं, ते मला कळत नाही. एवढंच आहे."

मी मान हलवली. पण म्हटलं, तरी कधी दिवस वाईट आला तर पिस्तूल माझ्या तिजोरीत आणून ठेव, कारण विचारणार नाही. तो म्हणाला, ठेवीन. मी रेनीला तसं कळवलं. ती फोनवर रडली, मग आभार मानले, मग पुन्हा रडली.

त्याला माणसांत न्यावं म्हणून मीच आमच्या नेमबाजी क्लबच्या स्पर्धेचं काढलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी डोंगराच्या कुशीतल्या मैदानावर पंधरा-वीस जण जमतात, कागदाच्या निशाणांवर गोळ्या झाडतात, मग लाकडी खोलीत बसून सूप पितात. अर्विन दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. डोलोरेसच्या दफनानंतर तो शर्ट मी पहिल्यांदाच बघत होतो.

मैदानाची सुरक्षा बर्निस यानोस्कीकडे असते. तिनं सव्वीस वर्षं तुरुंगात पहारेकरी म्हणून काढलीत, आणि तिच्या हाताखालून गेल्याशिवाय नवं हत्यार मैदानात जात नाही. तिनं अर्विनचं पिस्तूल रिकामं आहे ना ते बघितलं, मुठीवरून अंगठा फिरवला, काम सुंदर झालंय म्हणाली. अर्विनचे कान लाल झाले. मग तिनं गोळीवर आपटणारा मागचा घोडा चढवला आणि पिस्तुलाच्या पाठीवर तळहातानं एक चापट मारली.

घोडा खटकन पडला. चापाला तिचं बोट लागलंही नव्हतं.

तिनं पुन्हा करून बघितलं. पुन्हा पडला.

"यात गोळी असती तर?" बर्निस म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "हात चांगलाय तुमचा, मिस्टर कोझाक. पण थांबायचं कुठं ते तुम्हाला कळलं नाही. हे घेऊन मी तुम्हाला आत सोडणार नाही."

अर्विन म्हणाला, बरोबर आहे तुमचं. एवढंच बोलून त्यानं पिस्तूल डब्यात ठेवलं, डब्याची दोन्ही कुलपं लावली आणि गाडीकडे निघाला. मी मागे गेलो, तर हातानंच नको म्हणाला. अडतीस वर्षांत त्याच्या हातची एकही डाय सदोष म्हणून परत आली नव्हती, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही.

तीन गुरुवार तो आला नाही. फोन उचलायचा, बराय म्हणायचा, ठेवायचा. चौथ्या आठवड्यात मी दुपारीच त्याच्या घरी गेलो. बाहेर बर्फ साचला होता आणि पायऱ्यांपासून फाटकापर्यंत एकाच माणसाच्या बुटांचे ठसे होते, जाणारे आणि येणारे. त्यानं दार उघडलं, आत ये म्हणाला, कोबी घातलेल्या शेवया गरम केल्या. दोघांनी ओट्याशी उभ्यानंच खाल्ल्या. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर पिस्तुलाचे सगळे सुटे भाग ओळीनं मांडलेले. बाजूला औषधाच्या जुन्या बाटल्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. पिस्तुलातून काढलेला प्रत्येक जुना भाग त्यानं त्यांत जपून ठेवला होता.

तो म्हणाला, पोलिसांच्या वेळचे भाग पुन्हा घालतोय. चापातले सगळेच. मूठ तेवढी राहू देतो.

मी विचारलं, मग ख्रिसमसलाच का थांबला नाहीस? तेव्हा काम पूर्ण झालं होतं, तुलाही माहीत होतं.

"माहीत होतं ना," तो म्हणाला. तो एका स्प्रिंगवरची धूळ पुसत राहिला, तिच्यावर धूळ नव्हती तरी. "पूर्ण झालं असतं तर शुक्रवारी मी काय करणार होतो? म्हणून अजून जरासं घासलं. मग अजून जरासं. हात थांबला की हे घर ऐकू येतं, चेट. फ्रिज ऐकू येतो."

त्यानं जोडणी पुरी करेपर्यंत तिथंच बसलो. चाप पहिल्यासारखा झाला, लांब, जड, मध्ये कुठंतरी किंचित खरखरणारा. त्यानं तो माझ्यासमोर पाच-सहा वेळा ओढून बघितला, डबा बंद केला आणि हात धुतले. त्या रविवारी त्यानं रेनीला आपणहून सगळं सांगितलं, क्लबमधली फजितीसुद्धा. हे मला तिच्याकडून कळलं. ती म्हणाली, बाबा पहिल्यांदाच आईबद्दल बोलले, आणि वीस मिनिटं बोलले.

फेब्रुवारीच्या स्पर्धेला तो आला. बर्निसनं पिस्तूल घेतलं, घोडा चढवून तीनदा चापट मारली. घोडा हलला नाही. "जा," ती म्हणाली. जड चापानं त्याच्या गोळ्या खाली डावीकडे जात राहिल्या आणि तो शेवटून दुसरा आला. त्याला त्याचं काही वाटल्यासारखं दिसलं नाही.

नंतर सगळे सुपासाठी आत निघाले. बर्निसनं दार धरून त्याला विचारलं, या ना, वाटीभर घेऊन जा. तो म्हणाला, नको, घरी वाट बघताहेत. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. त्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, मी खाली बघितलं, आणि त्याची गाडी उतारावरून निघून गेली.

मार्चमध्ये तिनं पुन्हा विचारलं. या वेळी तो आत आला, दाराजवळच्या बाकाच्या अगदी कडेला बसला आणि सगळी वाटी संपवली. अंगातला कोट मात्र त्यानं शेवटपर्यंत काढला नाही.