नवसाच्या हांडीतला लसूण

आबा, म्हणजे आमचे वडील नाथाजी, बावीस वर्षं मदुरेत गलाईचं काम करत होते. सोनारांच्या दुकानातला केर गोळा करायचा, त्यात पारा घालून सोनं पकडायचं आणि बंद खोलीत तापवून पारा उडवून द्यायचा. सोनं सोनाराला मिळालं, पारा आबांना. त्र्याण्णवला ते कडेगावला परतले तेव्हा त्यांचे हात सारखे कापत होते. गावानं दारू ठरवून टाकली. आबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आता लावला असता तर ग्लासात काही उरलं नसतं.

आईचा इलाज एकच, लसूण. लसणाचं दूध, लसणाची चटणी, वर रोज दोन अंडी. आबांचं अंग पेटायचं, डोकं ठणकायचं, हात आणखी नाचायचे. मग आई लसूण वाढवायची.

पंच्याण्णवचा श्रावण आला. घरात कांदा, लसूण, अंडी बंद. तिसऱ्या आठवड्यात आबा स्वतःच्या हातानं चहा प्याले, न सांडता. मी त्यांना सांगलीला, विश्रामबागेतल्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, अंगात पारा आहे. यांना कांदा-लसूण सोसत नाही असं दिसतंय. का, ते मलाही नक्की सांगता येणार नाही. पण बंदच ठेवा.

घरी येऊन मी हे सांगितलं. पण आईनं आषाढातच म्हसोबाला बोकड बोललं होतं. तिच्या लेखी हात थांबले ते म्हसोबामुळं, डॉक्टर तर नंतर आला.

श्रावण संपल्यावरच्या रविवारी रानात बोकड कापलं. ज्याच्यासाठी नवस, त्यानं पहिला घास खायचा. मी म्हणालो, आबांपुरतं बिनलसणाचं शिजवू. त्यांचे थोरले भाऊ, भाऊसो तात्या, म्हणाले की देवापुढं एकच हांडी लागती, हा काय दवाखाना न्हाई. भावकी पत्रावळ्या मांडून आबांच्या घासाची वाट बघत होती.

आबा मला हळूच म्हणाले, "तुझी आई महिनाभर अनवाणी फिरली रं. आता न्हाई कसं म्हणू?"

त्यांनी खाल्लं. हात अगदी स्थिर होता. रस्सा चांगला झाला होता, मीही दोनदा घेतला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातातली कपबशी वाजायला लागली. आठव्या दिवशी आई त्यांना भरवत होती. तिला कारण सापडलं होतं: बोकड लहान पडलं. तिनं दुसरं, मोठं बोललं, आणि तोवर ताकद टिकावी म्हणून लसणाचं दूध सुरू केलं. मी ते मोरीत ओतायचो. ती पुन्हा करायची.

"पुढचा श्रावण कवा रं?" आबांनी विचारलं.

मी नव्या सालाचं कॅलेंडर बघितलं. "मधी अधिक महिना हाय, आबा. महिनाभर लांबलाय."

"लय ताणलं," ते म्हणाले, आणि आईनं पेला पुढं केला तसं तोंड उघडलं.