ठिगळ टिकत नाही

तेव्हा मी आणि ताई मिळून शिवणाचं दुकान चालवायचो. ताईच्या स्तनात गाठ निघाली, ती कॅन्सरची ठरली आणि डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. फक्त गाठ काढून काही आठवडे किरणोपचार घ्यायचे, नाहीतर अख्खा स्तन काढायचा. विचाराला आठवडा दिला होता. ताईने दुकानाची पायरी चढेपर्यंत निकाल लावला.

"सगळंच काढू. विरलेल्या कापडाला ठिगळ लावलं की शेजारून फाटतं. चाळीस वर्षं तेच बघतेय."

"तू कापड आहेस का, ताई?"

"तू गप बस. तुझी काजं अजून वाकडी येतात."

मी तिला ओढतच पुन्हा दवाखान्यात नेलं. ठिगळाची गोष्ट ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"शेजारी काही उरलं असेल, त्यासाठीच किरणोपचार असतात," त्या म्हणाल्या. "स्तन ठेवला तर तिथे परत गाठ येण्याचा धोका थोडा जास्त, पण तुमची गाठ लहान आहे. जगण्याची शक्यता दोन्हीकडे सारखीच. तुम्हाला काय हवंय?"

जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या ताईला हे कुणी विचारलंच नव्हतं. ती हळूच मला म्हणाली, "मला ठेवायचाय गं. या वयात शोभत नाही, पण ठेवायचाय."

"न शोभायला काय झालं? लिहा हो बाई, गाठच काढायची."

ताईने मला कोपराने ढोसलं. "माझं मी सांगते," ती म्हणाली, आणि तिने सांगितलं.