निळ्या रंगाखालचा बोल्ट

मी एक जुना, गाडीत बसवलेला स्टिरिओ आहे; पण मित्रांनो, सान रोके गावात मला गाण्यांसाठी कुणी ओळखत नाही. नदीवरून ताजी मासळी आली, कुणाचे डुक्कर हरवले किंवा कुणी माणूस गेला, तर ते गावाला माझ्यामुळे कळते. माझ्या गाडीच्या छपरावर दोन भोंगे आहेत. त्यांना ताकद मी पुरवतो आणि शब्द एदिल्मा बेनाविदेसचे असतात.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. ज्या हातांनी मला जुळवले त्यांचे चेहरे मी पाहिले नाहीत. बंदराच्या शहरातल्या एका दुकानात मी काचेआड पडून होतो, तेव्हा एदिल्माच्या नवऱ्याने मला पाहिले. तो गाडीतून मासे विकत हिंडे आणि मी अकॉर्डियनची गाणी लावी. तो गेला तेव्हा त्याच्या मृत्यूची बातमी एदिल्मानेच गल्लोगल्ली फिरून, न रडता सांगितली. त्या दिवशी हातात घेतलेला मायक्रोफोन तिने पुन्हा खाली ठेवला नाही.

तिचा मोठा दीर नोलास्को होड्यांची इंजिने दुरुस्त करतो आणि गाड्या रंगवतो. आमच्याकडे कार्मेनची आई ही चर्चमधली देवमाता गाडीवाल्यांची राखणदार. जुलैत तिचा सण येतो, तेव्हा गावातली प्रत्येक गाडी धुऊन, रंगवून, फुलांनी सजवून मिरवणुकीत नेतात. त्या वर्षी सणाच्या तोंडावर नोलास्कोची मुलगी मारेल्बिस बाळंतपणात अडली होती. नोलास्कोने नवस बोलला की मायलेकरे सुखरूप सुटली तर गाडीला आईच्या झग्याचा निळा रंग देईन, आतून-बाहेरून, कणभर पत्रा उघडा ठेवणार नाही.

मुलगी सुटली आणि नोलास्कोने शब्द पाळला. त्याने मला गाडीच्या पुढच्या फळीतून बाहेर काढले, माझ्या तारा सोडल्या आणि माझ्या मागच्या अंधाऱ्या पत्र्यालाही रंगाचे दोन जाड हात दिले. मग सारे पुन्हा जागच्या जागी कसले. मिरवणुकीत लोकांनी गाडीचे तोंड भरून कौतुक केले.

माझे दुखणे मात्र तेव्हापासून सुरू झाले. हळू आवाजात मी ठीक चाले. एदिल्माने आवाज चढवला, की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येई. क्षणभराने मी शुद्धीवर येई आणि माझ्या छोट्या पडद्यावर 'स्वागत' अशी अक्षरे उमटत. एदिल्मा माझ्या डोक्यावर चापट मारी. नोलास्को म्हणाला, बॅटरी म्हातारी झाली. नवी बॅटरी आली, तरी अंधारी जाईना. "रविवारी बघू," असे तो म्हणे, आणि रविवार येऊन निघून जाई.

ऑगस्टमधल्या एका दुपारी, गाव जेवून आडवे झाले असताना, नदीच्या वरच्या अंगाने एक मोटारसायकलवाला धुळीने माखून आला. वरचा बांध फुटला होता. गावातले तरुण आधीच होड्या घेऊन तिकडे वाळूची पोती रचायला गेले होते. गाव उंचावर असल्याने त्याला धोका नव्हता. पण ओढ्यापलीकडच्या प्लायिता या सखल वस्तीत अंधार पडायच्या आत पाणी शिरणार होते. मधला फळ्यांचा पूल आधीच वाहून गेलेला, आणि फोनचा मनोरा सकाळपासून बंद.

चर्चची घंटा वाजू लागली. पलीकडे लोक अंगणात येऊन उभे राहिले, पण हलले नाहीत. घंटा वाजली म्हणजे कुणी तरी गेले, आणि कोण गेले ते एदिल्मा सांगेल, अशी त्यांची सवय. ते माझी वाट पाहत होते.

एदिल्माने गाडी ओढ्याच्या काठावर आणून भोंगे पलीकडे वळवले. "प्लायितातले लोकहो," एवढे ती म्हणाली आणि मला अंधारी आली. स्वागत. तिने पुन्हा आरंभ केला. पुन्हा अंधारी, पुन्हा स्वागत.

"स्वागत कोणाचं करतोय हा मेला, पाण्याचं?" ती म्हणाली.

नोलास्को हत्यारांची पिशवी घेऊन धावत आला. मारेल्बिस पलीकडच्या टोकाला, पेरूच्या झाडांमागे राहत होती. तिचे चाळीस दिवस अजून भरले नव्हते. आमच्याकडे बाळंतीण तोवर वारा अंगावर घेत नाही. दारेखिडक्या लावून, कानांत कापूस घालून बसते. तिला घंटा ऐकू गेली असेल की नाही, कोण जाणे. तिचा नवरा पोत्यांवर गेलेला.

नोलास्कोने माझा फ्यूज उपसून उजेडात धरला. तार शाबूत होती. त्याने हॉर्न वाजवला, दिवे लावले, सारे खणखणीत.

"बॅटरी नाही, फ्यूज नाही. तूच फार ओरडतेस," तो म्हणाला.

"ओरडू नको तर काय, चिठ्ठी टाकू पलीकडे? भाऊजी, सणापासून सांगतेय तुम्हाला."

त्याने पिशवीत हात घातला. दोन तारा जोडलेला लहानसा तपासणीचा दिवा काढला. एक टोक माझ्या लाल तारेला, दुसरे थेट बॅटरीच्या वजा टोकाला लावले. "आता बोल, मोठ्यानं." एदिल्मा बोलली, मी कोसळलो, पण दिवा लखलखत राहिला. म्हणजे माझ्याकडे येणारी वीज पुरेशी होती. मग त्याने दुसरे टोक माझ्याच पत्र्याच्या अंगाला लावले. एदिल्मा बोलताच दिवा मरगळून विझायला आला.

नोलास्कोचे हात थांबले. येणारी वाट मोकळी होती. परतीची वाट बंद होती. मित्रांनो, आम्हा यंत्रांना वीज नुसती येऊन भागत नाही, तिला परतही जावे लागते. माझी परतीची काळी तार, जिला मिस्त्री अर्थिंग म्हणतात, माझ्या मागच्या पत्र्यावर एका बोल्टने आवळलेली होती. पत्रा आणि तार यांच्या मध्ये निळ्या रंगाचे दोन जाड थर होते. हळू आवाजापुरती वीज कशीबशी पाझरे. जास्त मागितली की वाट अडे.

त्याने बोल्ट सोडला, तार बाजूला केली, आणि खिशातली माशांचे खवले काढायची सुरी काढून तसाच बसून राहिला.

"खरवडा ना," एदिल्मा म्हणाली.

"नवसाचा रंग आहे. आईच्याच नावानं दिलाय. कणभर उघडा ठेवणार नाही म्हणालो होतो."

ओढ्याचे पाणी गढूळ होऊन काठाच्या गवतात चढू लागले होते. एदिल्माने एकदा त्याकडे आणि एकदा दिराकडे पाहिले.

"भाऊजी, आई तुमच्या पोरीला वाचवायला आली होती, रंग घ्यायला नाही. खरवडा. रागावली तर माझं नाव सांगा."

सुरी पत्र्यावर फिरली. निळे कपचे माझ्या अंगावर पडले. नखाएवढा पांढरा पत्रा चमकला, त्यावर तार बसली आणि बोल्ट आवळला गेला. एदिल्मा बोलू लागली आणि मी माझा सारा जीव तिच्या शब्दांत ओतला. अंधारी आली नाही.

"कुणी गेलेलं नाही. वरचा बांध फुटलाय. सामान सोडा, म्हातारी माणसं, पोरं होडीत घाला आणि चर्चकडे या."

पलीकडे एकदम धावाधाव झाली. दारोदारच्या होड्या सुटल्या. पहिली होडी टेकताच नोलास्कोने मारेल्बिसची चौकशी केली. "ती तुमच्याकडेच नाही का? बाळंतपणाला माहेरी गेली असेल म्हणून आम्ही दार वाजवलंच नाही," होडीतली एक म्हातारी म्हणाली.

नोलास्को आयुष्यात कधी मायक्रोफोनवर बोलला नव्हता. त्याने तो एदिल्माच्या हातून घेतला.

"मारे, तुझा बाप बोलतोय." त्याचा आवाज फाटला आणि तसाच माझ्यातून बाहेर पडला. "कानातला कापूस काढ, पोरी. आज वाऱ्याला भिऊ नको. बाळाला घे आणि बाहेर ये."

पेरूची झाडे हलली नाहीत. त्याने तेच पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा सांगताना मला वाटले, आता एकदा जरी अंधारी आली तर हा माणूस जागीच बसेल. मी तग धरला. मग झाडांमागून डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक बाई छातीशी गाठोडे धरून बाहेर आली आणि परत निघालेली एक होडी तिच्या दिशेला वळली. अंधार पडला तेव्हा तिच्या घराचे फक्त छप्पर पाण्यावर होते.

आता मी थकलो आहे. प्रत्येकाच्या खिशात फोन आला, माझ्या पडद्यावरची अर्धी अक्षरे गेली, आणि कित्येक दिवस मी धूळ खात गप्प असतो. पण जुलैत नोलास्को आजही गाडी निळी करतो. माझ्या मागे आला की तो ब्रश थांबवतो, तो नखाएवढा पत्रा घासून लखलखीत करतो, तार आवळतो आणि वर बोटभर ग्रीस लावतो. नातीला तो सांगतो, हा भाग आईनं स्वतःसाठी ठेवून घेतलाय.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. माझ्यासारखे कुणी बोलता बोलता गप्प झाले तर त्याच्या डोक्यात चापट मारू नका, आणि रविवारची वाट पाहू नका. दिवा घ्या, वाकून त्याच्या मागे पाहा. तिथे बहुधा कुणीतरी मायेनेच दिलेला रंग असेल. तो तेवढ्यापुरता खरवडा.