कारण: कुंकू

कोरडं कुंकू लोखंडावर धरत नाही, हे बाळा घाडीगावकरला कुठल्या इंजिनीअरनं शिकवलं नव्हतं. खंडेनवमीच्या सकाळी तो वाटीत खोबरेल घ्यायचा, त्यात चिमूट-चिमूट कुंकू टाकून बोटानं कालवायचा आणि मग लेथ, ड्रिल, क्रेनचा हूक, झाडू, कुणालाच सोडायचा नाही. एकतीस वर्षं हे चाललेलं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत विमानाच्या इंजिनांचे सुटे भाग दुरुस्त करणारी एक कंपनी आहे. नाव सांगत नाही, उगाच नोटीस यायची. तिथे बाळा पॅकिंगला होता. भाग दुरुस्त होऊन, धुऊन-तपासून, कागदपत्रांची फाइल गळ्यात बांधून त्याच्याकडे यायचा. तो एकदा उलटसुलट बघायचा, सही करायचा आणि खोक्यात घालायचा. मालावरची शेवटची सही बाळाची. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

पूजेत मशिनं तर असायचीच, पण चौरंगावर मधोमध मान असायचा तयार मालातल्या एका नगाचा. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यापुढे हात नको जोडायला? त्या वर्षी मान मिळाला एका टर्बाइन डिस्कला. ही डिस्क म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षा लहान, जाडजूड, कडेला खाचा असलेलं चाक. पुढे पंखा फिरतो ती साठ-सत्तर माणसांची लहान विमानं असतात ना, त्यांच्या इंजिनाच्या पोटात हे मिनिटाला हजारो फेरे घेतं. फिरताना ते फुटलं तर तुकडे इंजिनात थांबत नाहीत. कुठे जातात ते विचारू नका, वर माणसं बसलेली असतात.

आणि ते फुटण्याची शक्यता आहे, असं वरून कळलं होतं. कुठल्यातरी देशात ह्याच जातीच्या डिस्कला केसाएवढे तडे सापडले होते. आदेश निघाला: प्रत्येक डिस्क हिरव्या डायमध्ये बुडवा, अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली बघा, तडा असेल तर चमकेल, नसेल तरच विमानात बसवा. आदेश अगदी बावनकशी होता. कंपनीनं आठ डिस्क एका मान्यताप्राप्त लॅबकडे पाठवल्या आणि लॅबनं आठ डिस्क, आठ सर्टिफिकेटं परत पाठवली. 'तडा आढळला नाही.' गोल शिक्का, तिरपी सही, सगळं कसं झकास.

खंडेनवमीला क्वालिटी विभागाचे प्रमुख श्यामसुंदर कीर्तने रेशमी कुडता घालून आले. कीर्तने बोरिवलीचे, तिसऱ्या पिढीचे नोकरदार. घरी दूधवाला आला तरी पोच लिहून घेतील असा माणूस. चौरंगावरच्या डिस्कला कुंकवाचं पहिलं बोट त्यांनीच लावलं, आणि लावताना कॅमेऱ्याकडे बघून हसले. फोटो कंपनीच्या ग्रुपवर गेला: 'परंपरा आणि तंत्रज्ञान यांचा संगम!' खाली बत्तीस जणांनी हात जोडले. दसऱ्याला कंपनी बंद होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाळा डिस्क पुसायला बसला. चारच्या टेम्पोनं आठही नग विमानतळावर जायचे होते. स्पिरिटचं फडकं फिरवलं, कुंकू निघालं, डिस्क लखलखली. टेबलावर ठेवून तो सर्टिफिकेट शोधायला वळला आणि परत बघतो तर एका खाचेच्या बुडाशी बारीक लाल रेघ. राहिलं असेल म्हणून पुन्हा पुसली. पाच मिनिटांनी रेघ पुन्हा हजर. तिसऱ्यांदा पुसली. तिसऱ्यांदा आली.

बाळानं फडकं बाजूला ठेवलं. त्याचे वडील, अण्णा, परळच्या गिरणीत फिटर होते. जुना शाफ्ट तपासायचा तर अण्णा त्याला तेल चोपडायचे, रात्रभर ठेवायचे, पुसायचे आणि वरून खडूची पूड मारायचे. तड्यात शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं, पुडीवर रेघ उमटते. 'लोखंड खोटा बोलत नाय रे,' अण्णा म्हणायचे, 'फक्त तेका बोलाक येळ देवक् व्हयो.' बाळानं पूजेच्या तबकातली उरलेली रांगोळी चिमटीत घेतली आणि खाचेवर भुरभुरली. पांढऱ्यावर लाल रेघ, नखाएवढी लांब, शाईनं मारल्यासारखी. कुंकू दोन दिवस आत मुरलं होतं.

तो डिस्क फडक्यात धरून कीर्तन्यांच्या केबिनमध्ये गेला. टेबलाच्या कोपऱ्यावर गार्गी, क्वालिटीतली तरुण इंजिनीअर, दुसऱ्या कुठल्या मालाचा रिजेक्शनचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरत बसली होती.

"साहेब, हिला तडा आहे."

कीर्तन्यांनी आधी सर्टिफिकेट बघितलं, मग बाळाकडे बघितलं. डिस्ककडे बघितलंच नाही. "ह्यात तर नाही लिहिलेला."

"कागदात नाही साहेब, डिस्कमध्ये आहे."

"कशानं सापडला?"

"कुंकवानं."

कीर्तन्यांनी सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. मग कीर्तने गार्गीला म्हणाले, "घाल फॉर्ममध्ये." गार्गीनं 'तपासणीची पद्धत' ह्या रकान्यावर टिचकी मारली. हिरवा डाय होता, एक्स-रे होता, अल्ट्रासाउंड होता, चुंबकीय पूड होती. कुंकू नव्हतं. पद्धत निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना.

"बघा," कीर्तने म्हणाले. त्यांना खरोखरच हायसं वाटलं. "अमान्य पद्धतीनं सापडलेला तडा हा तडा नसतो, बाळाभाऊ. ते फार तर निरीक्षण असतं."

"मग मान्य पद्धतीनं परत तपासा ना!"

"परत? म्हणजे आधीची तपासणी चुकली असं लिहून द्यायचं? त्या लॅबला मान्यता कोणी दिली, माहितेय? मी दिली." त्यांनी छातीवर हात ठेवला. "आणि तुम्ही हे कुंकवाचं कुठे बोलू नका. सुट्या भागाला तेलबिल लावणं हाच मुळात गुन्हा आहे."

पहिलं बोट कुणी लावलं ते बाळाच्या जिभेवर आलं होतं. पण एकतीस वर्षांत साहेबाला तोंडावर बोलायची सवयच लागली नव्हती, ती एका सकाळीत कुठून लागणार?

तो पॅकिंगमध्ये येऊन बसला. मागोमाग गार्गी आली. तिच्या हातात आठही सर्टिफिकेटं होती, आणि चेहरा पडलेला.

"काका, वेळ बघा."

बाळानं चष्मा लावला. पहिली डिस्क, अकरा चाळीस. दुसरी, अकरा चाळीस. आठवीही अकरा चाळीस. एका डिस्कला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि ह्या पठ्ठ्यानं एका मिनिटात आठ हातावेगळ्या केल्या होत्या. म्हणजे त्या अंधाऱ्या खोलीत डिस्क गेल्याच नव्हत्या. गेले होते ते फक्त कागद.

"म्हणजे मी कुंकू लावलं त्या एकीचं तरी कळलं," बाळा म्हणाला. "उरलेल्या सात?"

सात खोकी समोर रांगेत होती. त्यातली एकही चौरंगावर बसली नव्हती. कुणाच्या पोटात काय आहे ते देवाला ठाऊक, आणि टेम्पो चारला.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं दहिसरला घरी फोन लावला. बायको जानकी सगळं ऐकून म्हणाली, "तुमका कित्याक व्हयो हो ताप? दोन म्हयने तर रवले."

"रवले म्हणानच गो. ह्या सात खोक्यांवर माझी सही जातली. मगे घराकडे बसान रोज टीव्हीवर काय बघू?"

 जानकी म्हणाली, "जेवून घेवा आधी." ती एवढं म्हणाली म्हणजे तिची परवानगी होती, हे बाळाला लग्नाच्या इतक्या वर्षांनी कळत होतं.

डबा तसाच ठेवून तो गार्गीला म्हणाला, "तुमच्या त्या नियमांच्या पुस्तकात कुंकवाबद्दल काय लिवलंय गं?"

"कुंकवाबद्दल कसं असेल, काका?"

"तेलाबद्दल? रंगाबद्दल?"

गार्गीनं चारशे पानांचं बाड उघडलं. दोन वाजले, अडीच वाजले. पावणेतीनला ती ओरडली, "आहे! ऐका. सुट्या भागाला कोणतंही अमान्य तेल वा रंग लागल्यास त्याची आधीची सर्व सर्टिफिकेटं रद्द. भाग ताबडतोब कुलूपबंद. धुऊन पुन्हा तपासणी, तीही दुसऱ्या लॅबमध्ये, सरकारी अधिकाऱ्यासमोर."

बघा कशी गंमत आहे. तडा दाखवला तर फॉर्म पुढे सरकत नव्हता, आणि कुंकवासाठी अख्खा परिच्छेद तयार होता! बाळानं कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं. 'मी, बाळा सीताराम घाडीगावकर, लिहून देतो की खंडेनवमीच्या दिवशी मी स्वतःच्या हातानं टर्बाइन डिस्कना तेलात कालवलेलं कुंकू लावलं.' इथे पेन थांबलं. ह्या माणसानं एकतीस वर्षांत एक खोटी नोंद केली नव्हती. खोकं हलकं वाटलं तर पुन्हा उघडून बघणारा माणूस. त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि 'टर्बाइन डिस्कना'च्या आधी बाण काढून वर लिहिलं, 'आठही'.

गार्गी खांद्यावरून वाचत होती. "काका, हे खोटं आहे. एकीलाच लावलं होतं."

"माहीत आहे मला."

"नोकरी जाईल तुमची! निरोप समारंभ, शाल, सगळं..."

"शाल घेऊन मुंबईत करू काय? उकडून मरू?" असं म्हणून त्यानं सही केली. एक प्रत त्यानं नियमाप्रमाणे सरकारी खात्याच्या पत्त्यावर मेल करायला लावली आणि दुसरी घेऊन केबिनमध्ये गेला.

कीर्तन्यांनी वाचलं आणि ताडकन उठले. "आठही? धादांत खोटं आहे हे! कुंकू एकाच डिस्कला लागलंय!"

"तुम्हाला कसं ठाऊक, साहेब?" बाळानं अगदी नम्रपणे विचारलं.

कीर्तन्यांनी अर्ज पुन्हा डोळ्यांपुढे धरला. मी तिथे होतो, म्हणावं तर कुडता आला. पहिलं बोट माझंच होतं, म्हणावं तर फोटो आला, फोटोखालचे बत्तीस नमस्कार आले. ते हळूच खुर्चीत बसले. मग मोबाइल काढून बराच वेळ काहीतरी पुसत राहिले. शेवटी बाळाकडे न बघता म्हणाले, "म्हणजे हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत. असंच ना?"

"एकट्यानं, साहेब."

"मग ठीक आहे," कीर्तने म्हणाले आणि त्यांनी अर्जावर 'प्राप्त' असा शिक्का मारला. चारला टेम्पो आला आणि रिकामा गेला.

दुसऱ्या लॅबमध्ये तपासणीला गार्गी स्वतः हजर राहिली. सबंध दिवस गेला. जांभळ्या दिव्याखाली आठातल्या तीन डिस्क चमकल्या. एक चौरंगावरची. बाकीच्या दोन अशा, की ज्यांनी जन्मात कुंकू पाहिलं नव्हतं. तिन्ही भंगारात गेल्या. आता तरी पहिल्या लॅबची वाट लागेल, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कीर्तन्यांना ओळखलंच नाहीत. त्यांनी अठरा पानी अहवाल लिहिला. घटना: तीन डिस्कना तडे. आधीची तपासणी: समाधानकारक. तड्यांचं कारण: कुंकू. त्यातल्या अज्ञात रसायनांनी धातू कमजोर झाला. मग उरलेल्या पाचांना तडे का नाहीत? त्याचंही उत्तर होतं: तिथे कुंकवाची मात्रा कमी पडली.

सूचना फलकावर परिपत्रक लागलं, 'कुंकू धातूस घातक आहे.' खंडेनवमीची पूजा कायमची बंद झाली. दारावरचा पहारेकरी आत येणाऱ्या बायकांच्या कपाळाकडे संशयानं बघू लागला. कीर्तन्यांना 'परंपरेतले छुपे धोके' ह्या विषयावर भाषणाचं आमंत्रण आलं आणि पहिल्या लॅबचा करार आणखी तीन वर्षांनी वाढला.

बाळाला चौकशी समितीपुढे बसवलं. 'तुमच्या कृत्यामुळे तीन डिस्कना तडे गेले हे मान्य आहे का?' त्यानं लिहिलं, 'मान्य.' उरलेले दोन महिने सक्तीच्या रजेवर काढून तो गुपचूप निवृत्त झाला. ना शाल, ना नारळ. कंपनीतले लोक तो समोरून दिसला तर रस्ता बदलायचे, त्याचं मात्र त्याला फार लागलं. 'तड्यांचं कारण: कुंकू' असं लिहिलेलं चौकशीचं पत्र वाचून जानकी खो-खो हसली. "पस्तीस वर्सां लावतंय मी, माझ्या कपाळाक नाय गेलो तडो!" आणि मग हसता हसता तिचे डोळे भरून आले.

वर्ष फिरलं. खंडेनवमीच्या सकाळी बाळा दहिसरच्या घरात विळी-कोयता मांडून पूजेला बसला होता, तेवढ्यात फोन वाजला. गार्गी होती. आता पॅकिंगवरची शेवटची सही तिची होती, हे त्याच्या कानावर आलं होतं.

"काका, बारा डिस्क आल्यात," ती दबक्या आवाजात म्हणाली. "त्याच लॅबमधून. बाराही सर्टिफिकेटं, चार वाजून दहा मिनिटं."

बाळानं फोन कानाशी घट्ट धरला.

"कुंकवात तेल किती घालायचं?"

"अगं, पूजा बंद आहे ना तिथं?"

"पूजा बंदच आहे, काका. उद्या सुट्टी आहे, आत्ता कुणी नाहीये इथे. लवकर सांगा."

बाळानं हातातली वाटी खाली ठेवली. "खोबरेल घे. धार पडेल इतपत पातळ ठेव. खाचांच्या बुडाशी नीट जाऊ दे, आणि पुसायची घाई करू नको, दोन दिवस मुरू दे. रांगोळी बारीक असू दे." मग त्यानं वाटीकडे बघितलं. "आणि गार्गी, बाराच्या बाराला लाव गं. मी एकीलाच लावलं होतं."