चौदाव्या मिनिटाचा डोंगर

“ह्याला नावं विचारू नका हो, हा फक्त वेळ सांगतो!” मला खोक्यातून बाहेर काढणाऱ्या अभियंत्याचा तो आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो.

मित्रांनो, मी एक जुना जीसी आहे. पदार्थ वेगळे करून दाखवणारं यंत्र. रत्नागिरीतल्या एका प्रयोगशाळेत माझा मुक्काम. माझ्या पोटात तीस मीटरची नळी वेटोळं घालून बसली आहे, केसासारखी बारीक. आंब्याचा अर्क टोचला की मी तापतो, अर्काची वाफ होते आणि एकेक पदार्थ वायूच्या झोतावर चालू लागतो. कुणी चपळ, कुणी रेंगाळणारा. जो बाहेर पडेल त्याचा मी पडद्यावर डोंगर काढतो. नाव माणसं देतात, वेळ ताडून. पण एका होडीतून उतरले म्हणून दोघे भाऊ ठरतात का?

मला चालवणाऱ्या सुजयदादांनी मला पंधरा वर्षं जपलं. दसऱ्याला झेंडूची माळ, कपाळी कुंकवाचं बोट. “माझा जीसी खोटं बोलत नाय,” असं ते येईल त्याला सांगत. मला त्या कौतुकाचंच भय वाटे.

यंदा आंब्याच्या घाईत मला पुसायचं राहिलं. नळीचं टोक काळं पडलं. आज सकाळी दादांनी ते हातभर कापलं. कापायलाच हवं होतं. पण नळी आखूड झाली की सगळेच थोडे लवकर पोचतात. म्हणून ओळखीची फवारणीची औषधं पुन्हा टोचून नव्या वेळा घ्यायच्या असतात. दादांनी घेतल्या नाहीत. “मिनिटं माझ्या बोटांवर हायत,” म्हणाले.

मग हौसाबाईंच्या बागेतला आंबा आला. चौदाव्या मिनिटाला डोंगर उठला. जुन्या तक्त्यात त्या मिनिटापुढे एका बंदी घातलेल्या विषारी औषधाचं नाव होतं.

बाकावर बसलेल्या हौसाबाईंचा चेहरा उतरला. “बाय गो, माझी सून सात महिन्यांची हाय. रोज ह्योच आंबा खातेय. माझ्या लेकानं, नितेशनं चोरून काय औषध मारलान काय?”

अहवालावर सही करणाऱ्या वेदिका मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. “दादा, नळीला हात लावला होतात?”

“नाय हो. कशाला लावीन?”

नळी तर सकाळीच कापली होती. मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. पंखा घरघरला, तो कुणाला कळणार?

मित्रांनो, यंत्राला पुसा, हवं तर हारही घाला; पण त्याच्या एका डोंगरावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नका. आधी आंबा न घातलेला, नुसता द्रावक टोचून पाहा. ओळखीचं औषध त्याच दिवशी टोचून वेळ जुळवा. वेगळ्या जातीच्या नळीवरही तोच निघतो का, ते बघा. आम्हाला मुकेपण दिलंय, तुम्हाला नाही.

मॅडमनी सहीसाठी पेन उघडलं. तिकडे हौसाबाई फोनवर लेकाला विचारत होत्या, “खरं सांग रे! येणाऱ्या पोराची शपथ घे!” पलीकडून नितेशचं रडं ऐकू आलं.

सुजयदादांनी माझ्यावरचा हात काढला. ते मॅडमकडे वळले.

“मॅडम, सही नको. सकाळी नळी मी कापलीय, आणि वेळा जुन्याच घेतल्यात. हौसाबाय, लेकाला काय बोलू नका. चुकलंय ते माझं.”