प्रत्यक्ष पाहणी : केली

कचेरीत त्याला सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. खुर्चीतून न उठता चारशे शेतांची नाडी सांगणारा माणूस! उपग्रह दर पाच दिवसांनी वरून जायचा, शेतांची चित्रं पाठवायचा, आणि कुठे पाणी कमी पडतंय, कुठे खत उगाच ओतलं जातंय, हे दुर्बीण हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांवरून ओळखायचा. बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं, हे कबूल करायला हवं.

यंदा जमीन न थकवता पिकवलेलं एक आदर्श शेत निवडून इतर शेतकऱ्यांना दाखवायचं होतं. आजूबाजूची शेतं पिवळी पडलेली असताना एकच चौकोन गर्द हिरवा होता. तो होता त्याच्या काकांचा, ज्यांनी त्याला लहानाचा मोठा केला, शिकवलं, त्यांचा. शिफारशीच्या अर्जात शेवटचा रकाना होता ‘प्रत्यक्ष पाहणी’. रस्ता दोन तासांचा. काकांचं शेत, त्यात काय बघायचं? त्याने ‘केली’ लिहून टाकलं. फोनही केला नाही. अचानक जाऊन चकित करू, असं तो स्वतःला म्हणाला. खरं तर तीन वर्षं तिकडे फिरकलो नाही, आता कुठल्या तोंडाने बोलायचं, हा प्रश्न होता.

आणि एका सकाळी मोठे साहेब, वीस शेतकरी आणि दुर्बीण अशी सगळी वरात बांधावर जाऊन थडकली.

शेतात कमरेइतकं तण माजलं होतं. हिरवंगार, जोमदार, नुसतं तण.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यातलं एक रोप उपटून हुंगलं. “साहेब, पीक झकास आहे. फक्त गुरं खातात का तेवढं विचारून घ्या.”

सगळे खो खो हसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं दुर्बिणीला झालं.

गलका ऐकून काकू बाहेर आली. हातात औषधाचा चमचा तसाच होता.

“ह्यांना अर्धांगाचा झटका आला,” ती साहेबांना म्हणाली. “चार महिने झाले. तेव्हापासून शेतात कोणी पाऊल टाकलं नाही.”

साहेबांनी अर्ज काढला. “इथं तर पाहणी केली म्हणून लिहिलंय. हे आले होते का?”

काकूने पुतण्याकडे एकदाच पाहिलं. “आला होता की. चहा घेऊन गेला. तेव्हा तण एवढं नव्हतं, त्याचा काय दोष?”

साहेबांनी मान डोलावली. तो सुटला होता. पण जन्मात कधी खोटं न बोललेली काकू आज त्याच्यापायी वीस माणसांसमोर खोटं बोलली होती.

“नाही साहेब,” तो म्हणाला. “मी आलो नव्हतो. तीन वर्षांत एकदाही नाही.”

आता कोणी हसलं नाही. साहेबांनी अर्जावर आडवी रेघ मारली आणि माणसं घेऊन ते परत फिरले.

तो मान खाली घालून काकूमागून घरात गेला. काका खाटेवर पडले होते. त्याला पाहताच त्यांचं वाकडं झालेलं तोंड हसलं. डावा हात खिडकीबाहेर, वर आभाळाकडे करून ते काहीतरी पुटपुटले. त्याला एक अक्षर कळलं नाही.

“तुला कळवू का विचारलं की रोज हेच,” काकू म्हणाली. “म्हणतात, कशाला? पोरगा वरून बघतोय. तण दिसलं की धावत येईल.”